नर्सरीतल्या लेकरांचं ऊन: क्रीमच्या आधी शाळेची वेळ बघा

"ताई नमस्कार. मी अमळनेरला राहते. मुलगी साडेतीन वर्षांची आहे, यंदा नर्सरीत घातलीय, नऊ ते साडेबारा. मार्च लागला तरी रोज अकरा-साडेअकराला मुलांना मैदानावर सोडतात, घसरगुंडी, झोके सगळं उघड्यावर. गेल्या आठवड्यात दोनदा घरी आली तर तोंड लालबुंद, जेवली नाही, एकदा उलटी झाली आणि संध्याकाळपर्यंत झोपूनच राहिली. मॅडमशी बोलले तर म्हणाल्या टोपी युनिफॉर्ममध्ये बसत नाही आणि आम्ही कुणाच्या मुलाला क्रीम-बीम लावत नाही. सासूबाई म्हणतात, 'आम्हना पोरे उनमाच वाढनात, त्यास्ले काय व्हयनं?' नवरा म्हणतो चांगलं महागाचं सनस्क्रीन आण आणि विषय संपव. तर कोणतं आणू? तेल लावून पाठवलं तर चालेल का? गालावर पांढरट डाग दिसतायत, ते उन्हानेच का? आणि शाळेशी कसं बोलू, उगाच पोरीवर राग काढतील अशी भीती वाटते."

ताई, तुमचं पत्र वाचलं आणि पहिल्यांदा हेच सांगते की कोणतं सनस्क्रीन हा या सगळ्यातला शेवटचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न हा की साडेतीन वर्षांची लेकरं मार्च-एप्रिलमध्ये अमळनेरात साडेअकराला उघड्या मैदानावर का आहेत. तेवढं बदललं की बाकीचं सोपं होतं, आणि ते नाही बदललं तर तुम्ही बाजारातली सगळ्यात महाग ट्यूब आणली तरी उलट्या थांबायच्या नाहीत, कारण मुलीला जे होतंय ते तुमच्या वर्णनावरून तरी उष्णतेचं दिसतंय, आणि उष्णतेवर क्रीम काहीच करत नाही. (पत्रावरून निदान होत नसतं हेही तितकंच खरं, त्यामुळे दोनदा असं झालंय तर एकदा मुलांच्या डॉक्टरांना दाखवून घ्याच, दुसरा काही ताप किंवा इन्फेक्शन तर नाही ना हे कळेल.)

हे जरा सविस्तर सांगते कारण नवऱ्याला, सासूबाईंना आणि मॅडमना हे तुम्हालाच समजवायचंय. उन्हातून लेकराला दोन वेगवेगळ्या गोष्टी भिडतात. एक म्हणजे अतिनील किरणं, यूव्ही. ती दिसत नाहीत, गरम लागत नाहीत, त्यांचा त्रास कातडीला आणि डोळ्यांना होतो, थोडा लगेच आणि बराचसा वर्षानुवर्षं साठत साठत. दुसरी गोष्ट म्हणजे साधी उष्णता, आपल्या झळा, आणि तिचा त्रास त्याच दिवशी, तासाभरात होतो, आणि लहान मुलात तो जिवावरही बेतू शकतो. सनस्क्रीन फक्त पहिल्यासाठी आहे. सावली मात्र दोन्हीसाठी कामाची आणि वेळ बदलणं तर सगळ्यात जास्त कामाचं. आपल्याकडे सगळी चर्चा "पोरगी काळी पडेल" इथून सुरू होते आणि क्रीमवर संपते, म्हणून हे सांगावंसं वाटलं. रंगाची चिंता सोडून द्या ताई, रंग थोडा सावळा झाला तरी काही बिघडत नाही, चिंता पोरीच्या अंगातल्या पाण्याची आणि डोळ्यांची करायची.

आता वेळेचं गणित बघा. घड्याळात बारा वाजले म्हणजे सूर्य डोक्यावर आला असं आपण धरतो, पण भारतभर एकच घड्याळ आहे आणि ते 82.5 रेखांशाचं आहे, खानदेश त्याच्या बराच पश्चिमेला, 75 च्या आसपास, त्यामुळे आपल्याकडे सूर्य डोक्यावर येतो तो साधारण साडेबाराला. म्हणजे तुमच्या शाळेत मैदान साडेअकराला आणि सुट्टी बरोबर साडेबाराला, दिवसातली सगळ्यात वाईट वेळ लेकरांच्या वाट्याला येतेय. त्यात आपण 21 अंश अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या थोडंच खाली, म्हणून मेच्या शेवटच्या आठवड्यात जळगाव-धुळे-नंदुरबारात शून्य सावली दिवस येतो, उभ्या काठीची सावली पडत नाही. इतकं सरळ ऊन पडतं आपल्यावर. मोबाइलच्या हवामानाच्या ॲपमध्ये यूव्ही इंडेक्स नावाचा आकडा असतो तो एकदा दुपारी उघडून बघा, 3 च्या पुढे गेला की काळजी घ्यायला सुरुवात करायची असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते, 8 ते 10 म्हणजे फार जास्त आणि 11 च्या पुढे म्हणजे अतितीव्र, आणि आपल्या एप्रिल-मेच्या दुपारी तो 11 च्या आसपास किंवा वर असणं नेहमीचं आहे. मॅडमना हा आकडाच दाखवा, तिथे वाद घालायला जागा राहत नाही.

ॲप नसेल तर पोरीची सावली बघा. सावली तिच्या उंचीपेक्षा लांब आहे तोवर खेळू द्या, सावली तिच्यापेक्षा आखूड झाली की आत. हे साडेतीन वर्षांच्या मुलीलाही कळतं, तिला सावली मोजायला आवडेलसुद्धा, आणि मॅडमनी वर्गात हाच खेळ घेतला तर मुलंच मोठ्यांना सांगायला लागतील की चला आत.

ढगाळ असलं की सोडायचं का, तर नाही, पातळ ढगातून यूव्ही बरीचशी खाली येते, गारवा वाटतो म्हणून फसायला होतं. आणि हिवाळ्यातही, जानेवारीत स्पोर्ट्स डे असतो ना भर दुपारी, तेव्हा झळा नसतात पण टोपी लागतेच.

सासूबाईंचं म्हणणं. त्या काही खोटं बोलत नाहीयेत आणि त्यांच्याशी वाद घालू नका. फक्त त्यांना शांतपणे विचारा की आजी, तुमच्या वेळी चैत-वैशाखात भर दुपारी पोरं कुठे असायची? त्याच सांगतील. सकाळी कडुनिंबाखाली, चिंचेखाली, दुपारी मातीच्या सपाट छताच्या धाब्याच्या घरात गारव्याला झोपलेली, शेतातली माणसंसुद्धा पहाटे जाऊन अकरापर्यंत परत, आणि आखाजीचे, म्हणजे अक्षय्य तृतीयेचे झोके बांधले तर तेही झाडाला, म्हणजे सावलीतच. उन्हात वाढली पोरं हे खरंय, पण साडेबाराच्या उन्हात सिमेंटच्या अंगणात, पत्र्याच्या शेडखाली, पॉलिस्टरचा शर्ट आणि टाय लावून नाही वाढली. मातीचं अंगण आणि झाड गेलं, त्या जागी पेव्हर ब्लॉक आणि हिरवी प्लॅस्टिकची हिरवळ आली, ती प्लॅस्टिकची हिरवळ तर उन्हात हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते, खऱ्या गवतासारखी गार राहतच नाही. लोखंडी घसरगुंडीवर तर मांड्या भाजतात, अगदी काही सेकंदांत, आणि लहान पोरगं चटकन उठूनही येत नाही. सासूबाईंना शाळेत घेऊन जा एकदा साडेअकराला. मला वाटतं त्या तुमच्यापेक्षा जास्त बोलतील मॅडमशी.

आणि आपल्या खानदेशी माणसाला सावली म्हणजे काय हे शिकवायला नको. केळीचं टिश्यूकल्चरचं रोप लॅबमधून आलं की कुणी शहाणा शेतकरी ते थेट एप्रिलच्या शेतात लावतो का, आधी शेडनेटखाली आठवडे काढतं ते, मग शेत. रोपाला आपण एवढं जपतो, तेच शेडनेट शाळेच्या घसरगुंडीवर का नाही बांधत? यावल-रावेरला तर ते कोणत्याही कृषी केंद्रात मिळतं, अमळनेरातही मिळेल, चार पाइप आणि नेट एवढंच लागतं, पालकांनी वर्गणी काढली तरी एका शनिवारी उभं राहील. घेताना जास्त टक्क्यांचं घ्या, 50 टक्केवालं नको 75 किंवा 90 टक्केवालं, आणि एवढं लक्षात ठेवा की नेटखालीही थोडं ऊन गळतंच आणि बाजूने येतंच, म्हणून डोक्यावरची टोपी काढायची नाही. कडुनिंब, वड असं दाट झाड असेल तर नेटपेक्षाही छान.

टोपीचं. क्रिकेटवाली कॅप नको, तिने फक्त कपाळ झाकलं जातं, कान आणि मान उघडी राहते आणि भाजते ती जागा तीच. चारी बाजूंनी काठ असलेली मऊ सुती टोपी, काठ तुमच्या हाताच्या चार बोटांएवढा रुंद. हनुवटीखाली घट्ट गाठ मारायची दोरी नको, घसरगुंडीला-झोक्याला अडकून गळा आवळला जाऊ शकतो, हलकं इलॅस्टिक किंवा ओढलं की सुटणारी पट्टी चालेल. याच कारणासाठी ओढणीचा स्कार्फ गळ्याभोवती गुंडाळून मुलांना खेळायला सोडू नका. युनिफॉर्ममध्ये बसत नाही म्हणाल्या ना मॅडम, तर युनिफॉर्मच्याच रंगाची टोपी करू म्हणा, शिंपी सहज शिवून देईल. ऑस्ट्रेलियात, जिथे कातडीचा कॅन्सर जगात सगळ्यात जास्त आढळतो, 1981 पासून सरळ सोप्या भाषेत प्रचार केला गेला, शर्ट घाला, सनस्क्रीन लावा, टोपी घाला, नंतर त्यात सावली शोधा आणि गॉगल लावा हेही आलं, आणि तिथल्या बालवाड्यांत, शाळांत साधा नियम असतो की टोपी नाही तर मैदानावर खेळ नाही, सावलीत बसायचं. तिथली गोरी कातडी आणि आपली कातडी यात फरक आहे, आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीत मेलॅनिन, म्हणजे कातडीला रंग देणारं द्रव्य, जास्त म्हणून कातडीच्या कॅन्सरचा धोका आपल्याला त्यांच्यापेक्षा पुष्कळ कमी, उगाच घाबरून जाऊ नका. पण मेलॅनिन डोळ्याच्या आतलं भिंग वाचवत नाही. लहान मुलांचं भिंग जास्त नितळ असतं, त्यातून यूव्ही जास्त आत जाते. मोतीबिंदू, आणि शेतकऱ्यांच्या डोळ्यात पांढऱ्यावरून बुबुळावर जे मांस चढतं ना, त्याचा उन्हाशी संबंध आहे हे डोळ्यांचे डॉक्टर सांगतात. जत्रेतला रंगीत खेळण्यातला गॉगल मात्र मुलांना घालू नका, काच गडद असते म्हणून बाहुली मोठी होते आणि यूव्ही अडत नाही, म्हणजे उलट नुकसान. यूव्ही 400 लिहिलेला असेल तरच, आणि साडेतीन वर्षांची पोर गॉगल ठेवणार किती वेळ, टोपीचा काठ हाच तिचा गॉगल समजा.

कपडे ढगळ, सुती, कोपरापर्यंत तरी बाही. घट्ट विणीचं कापड चांगलं, उजेडासमोर धरल्यावर आरपार दिसणारं मलमल यूव्हीला फारसं अडवत नाही. आणि टाय-बूट-मोजे एप्रिलमध्ये नर्सरीच्या पोरांना कशाला हवेत हे मला खरंच कळत नाही, याबद्दलही बोला.

पाणी. इथे जरा थांबते कारण तुमच्या मुलीची उलटी बहुतेक इथून आलीय. आपलं ऊन कोरडं, कोकणासारखा घाम टपकत नाही, येतो आणि लगेच उडतो, त्यामुळे पोराला घाम आला नाही असं वाटतं आणि पाणी मात्र अंगातून जातच असतं. लहान पोरं खेळात तहान विसरतात, मागत नाहीत. केरळातल्या शाळांनी 2019 मध्ये पाण्यासाठी वेगळी घंटा सुरू केली, घंटा झाली की सगळ्यांनी बाटली काढायची, नर्सरीत तर हे अजूनच सोपं. मुलगी घरी आली की बाटली किती भरलेली परत आली ते रोज बघा. आणि तिला विचारा की शाळेत शूला जाते का. खूप मुली शाळेतलं टॉयलेट घाण म्हणून जात नाहीत आणि जायला लागू नये म्हणून पाणीच पीत नाहीत, अगदी साडेतीन वर्षांच्यासुद्धा, मग उन्हाळी लागते, शूच्या जागी आग होते आणि पोर सांगतही नाही. लघवी गडद पिवळी दिसली किंवा सहा-सात तास झालीच नाही तर पाणी कमी पडतंय. सकाळी निघताना पाणी, नाश्ता पोटभर, उपाशी पाठवू नका. घरी आल्यावर लगेच फ्रिजचं गारढोण नको असं सगळ्या आज्या सांगतात, माझं म्हणणं एवढंच की माठाचं द्या, घोट घोट द्या, ताक, लिंबू-सरबत, कैरीचं पन्हं चालेल, बाटलीबंद कोल्ड्रिंक नको. उलटी झाली असेल तर ओआरएस, आणि पाकिटावर एक लिटर लिहिलं असेल तर पूर्ण पाकीट एक लिटरातच, अर्धं पाकीट ग्लासात अंदाजे टाकायचं नाही. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, छोटा चहाचा चमचा धरून.

घोळणा फुटला, म्हणजे नाकातून रक्त आलं, हेही आपल्या कोरड्या हवेत पोरांना फार होतं, तर डोकं मागे करून झोपवू नका, पुढे वाकवून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं दाबून धरा.

आता जे शाळेत सगळ्या मॅडमना आणि मावशींना पाठ असायला पाहिजे ते. पोर गळून गेलं, चिडचिड करतंय, डोकं दुखतं म्हणतंय, मळमळतंय, तर लगेच सावलीत, कपडे सैल, अंग ओल्या फडक्याने पुसायचं, पाणी घोट घोट. पण अंग तापलेलं आणि पोर असंबद्ध बोलतंय, ओळखत नाही, झोपाळतंय, चालताना झोक जातोय किंवा झटका आला, तर तो उष्माघात समजायचा आणि एक मिनिट घालवायचं नाही, 108 ला फोन, आणि गाडी येईपर्यंत कपडे काढून अंगावर नळाचं पाणी ओतत राहायचं, मानेला, काखेत, जांघेत ओली फडकी, वारा घालायचा. शुद्धीत नसेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालायचा नाही, श्वासनलिकेत जातं. क्रोसिनसारखं तापाचं औषध इथे उपयोगाचं नाही, हा ताप तो ताप नाही. कांदा तळपायाला चोळणं, खिशात कांदा ठेवणं, यावर कुणाची श्रद्धा असेल तर मी भांडत नाही, पण उष्माघातात कांदा शोधण्यात गेलेली पाच मिनिटं परत येत नाहीत.

वर्ग पत्र्याचा असेल तर आत आणलं म्हणजे वाचलं असं समजू नका. हवा 40 अंशांच्या पुढे गेली की नुसता पंखा गरम हवाच अंगावर फेकतो, ओल्या फडक्याने अंग पुसून मग पंखा लावला तर गारवा मिळतो. आपल्या कोरड्या हवेत कुलर मस्त चालतो, फक्त समोरची खिडकी उघडी ठेवावी लागते. पत्र्यावर चुन्याचा पांढरा हात मारला तरी खोली बरीच कमी तापते, खर्च नगण्य आहे. अंगणवाडीत ज्यांची पोरं जातात त्या आयांनीही हे ग्रामपंचायतीत मागा, 3 ते 6 वर्षांची पोरं तिथे असतात आणि सेविकाताई एकटीने कुठे कुठे पुरणार, चुना, शेडनेट, दोन माठ, हे गावाने करून द्यायचं काम आहे. तिकडे सातपुड्यात, अक्कलकुवा-धडगावच्या पाड्यांवर तर झाडाखालचा वर्ग हाच सगळ्यात शहाणा वर्ग.

येण्याजाण्याबद्दल पत्रात तुम्ही काही लिहिलं नाहीये पण मला विचारावंसं वाटतं. आपण बायका स्कूटीवर निघताना स्वतः स्कार्फ, गॉगल, हातमोजे, सनकोट सगळं घालतो आणि पुढे उभं असलेलं लेकरू उघड्या डोक्याने, सगळ्या झळा आधी त्याच्या तोंडावर. रोज साडेबाराला शाळेसमोर हे बघते आणि जीव तुटतो. टोपी, ओला करून पिळलेला सुती रुमाल, पूर्ण बाह्यांचा ढगळ शर्ट, आणि सावलीच्या रस्त्याने या, दोन मिनिटं जास्त गेली तरी चालतील. (लहान मुलांचं हेल्मेट मिळतं, तेही घ्या.) व्हॅन असेल तर ड्रायव्हरकाकांना सांगा की सगळी पोरं येईपर्यंत एकेकाला उन्हातल्या बंद गाडीत बसवून ठेवायचं नाही, बंद गाडी दहा मिनिटांत भट्टीसारखी तापते आणि लहान मुलांचं अंग मोठ्यांपेक्षा तीन ते पाच पट वेगाने तापतं. उतरताना गाडीत मागे कुणी झोपून राहिलं नाही ना हे शेवटच्या सीटपर्यंत जाऊन बघणं, हा नियमच पाहिजे.

हां, आता क्रीम. घ्या, जरूर घ्या, वाईट काही नाही. एसपीएफ, म्हणजे ऊन अडवण्याचा ट्यूबवरचा आकडा, 30 किंवा 50, त्यावर ब्रॉड स्पेक्ट्रम (यूव्हीए आणि यूव्हीबी दोन्ही प्रकारची किरणं अडवणारं) लिहिलेलं हवं आणि पीए (यूव्हीए किती अडतं त्याची खूण) च्या पुढे तीन-चार अधिकची चिन्हं. 30 साधारण 97 टक्के यूव्हीबी, म्हणजे कातडी भाजणारी यूव्ही, अडवतं, 50 साधारण 98, म्हणून 100 च्या मागे लागून पैसे घालवू नका. लहान मुलांसाठी झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडवालं बघा, ते थोडं पांढरं दिसतं पण नाजूक कातडीला कमी झोंबतं. स्प्रे नको, श्वासात जातो. वास येणारं, गोरं करणारं काही मिसळलेलं तर अजिबात नको. आधी कोपराच्या आत थोडं लावून एक दिवस थांबा, पुरळ आलं नाही तर मग चेहरा, कान, मानेची मागची बाजू, हात, पायांचा वरचा भाग, घरून निघण्याच्या पंधरा-वीस मिनिटं आधी, आणि हातचं राखून लावू नका, ठिपक्याठिपक्यात काही होत नाही. असर दोन तासच, घामाने त्याहून कमी. म्हणजे बघा, साडेआठला लावलेलं साडेअकराला मैदानावर जाताना संपलेलंच असतं! आणि वीस-पंचवीस पोरांना पुन्हा लावणं मॅडमना खरंच शक्य नाही, कुणाला ॲलर्जी आली तर जबाबदारी कुणाची, त्यांची ही अडचण मला पटते. म्हणून परत तेच, मैदानाची वेळ सकाळी करा, मग एकदा घरून लावलेलं पुरतं. ट्यूब उन्हात, स्कूटीच्या डिकीत ठेवू नका, उष्णतेने खराब होते. घरात किंवा डे-केअरमध्ये सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर त्याला क्रीम नाहीच, त्याला फक्त सावली आणि झाकून ठेवणं, आणि वरचं पाणीही नाही, अंगावरचं दूध जास्त वेळा.

तेल लावून पाठवू नका. खोबऱ्याचं असो की तिळाचं, ऊन अडवायला ते पुरत नाही आणि त्यावर घाम आणि धूळ बसून घामोळ्या वाढतात. घामोळ्यांवर टाल्कम पावडरीचे थर थापणंही सोडा, पोरं ती श्वासात घेतात, गार पाण्याने अंघोळ आणि ढगळ सुती कपडा पुरे. व्हिटॅमिन डी साठी दुपारी उन्हात उभं करायला हवं असं कुणी सांगितलं तर सकाळच्या खेळात हातपाय उघडे असतातच म्हणा, आणि कमी असेल तर डॉक्टर ड्रॉप्स देतात, लहान बाळांना तर ते तसेही सांगतातच.

शाळेशी बोलायचं तर एकट्या जाऊ नका. व्हॉट्सॲपच्या पालक ग्रुपवर नको, तिथे मेसेजवर मेसेज पडतात आणि मॅडमना सगळ्यांसमोर कमीपणा वाटतो. तीन-चार आया मिळून सुट्टीनंतर प्रत्यक्ष भेटा, तक्रार म्हणून नाही, मदत करायला आलोय असं म्हणून, आणि एकच कागद द्या, त्यात चारच ओळी: मार्च ते जूनमध्यापर्यंत मैदानाचा खेळ साडेनऊच्या आत, दहा ते चार मैदान बंद. शक्य असेल तर शाळा साडेसातला भरवून साडेदहाला सोडावी, मोठ्या शाळा सकाळच्या होतातच ना उन्हाळ्यात. टोपी युनिफॉर्मचा भाग करावी, कापड पालक आणतील. अर्ध्या-पाऊण तासाने पाण्याची घंटा, आणि शेडनेटसाठी आम्ही वर्गणी काढतो. यातलं पहिलं आधी मागा, बाकीचं हळूहळू होतं. पोरीवर राग काढतील ही भीती मी समजू शकते, पण चौघी असलात की राग कुणा एकीवर निघत नाही, आणि मॅडमसुद्धा त्याच उन्हात उभ्या असतात हो, त्यांनाही सुटकाच हवी असेल. तरी ऐकलं नाही तर तोंडी नाही, लेखी द्या की माझ्या मुलीला या वेळेत मैदानावर नेऊ नये, तारीख घालून, आणि पोच घ्या. हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल त्या दिवशी सरळ घरी ठेवा, नर्सरी एक दिवस बुडाली तर कुणाचं काही बिघडत नाही.

राहिले गालावरचे पांढरट डाग. घाबरू नका आणि सासूबाईंना आधी सांगा की याला कोड म्हणू नका पोरीसमोर. लहान मुलांत कोरड्या कातडीमुळे फिकट, किंचित खरबरीत चट्टे येतात, उन्हाने बाजूची कातडी सावळी झाली की ते उठून दिसतात, म्हणून उन्हाळ्यात आल्यासारखे वाटतात, साधं मॉइश्चरायझर आणि टोपी यावर ते काही महिन्यांत हळूहळू जातात. जंतांचे किंवा कॅल्शियम कमीचे म्हणून परस्पर औषधं सुरू करू नका. डाग अगदी दुधासारखे पांढरे, कडा ठळक, किंवा ओठ-डोळ्यांजवळ वाढतायत असं दिसलं तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. मेडिकलवाल्याने काउंटरवरून दिलेली ट्यूब मात्र चेहऱ्याला लावू नका, त्यात बरेचदा स्टेरॉइड असतं, चार दिवस छान दिसतं आणि नंतर त्या नाजूक गालांची कातडी पातळ होऊन लाल पडते.